फुकट आहे, पण कुणाला?

"ताई, तिथं आमचं काय काम?" बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारले. विषय होता सिडकोतल्या एका बागेतल्या खुल्या व्यायामशाळेचा. ही चार घरची धुणीभांडी करते. पाठ आणि गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. बाग पाच मिनिटांवर, पैसा लागत नाही, तरी ती एकदाही गेली नव्हती.

मग आम्ही सात-आठ जणी मिळून गेलो. या यंत्रांना वजनाच्या चकत्या नसतात. दांडा ओढला की आपलेच शरीर उचलले जाते. साडी खोचून बायका भराभर शिकल्या. पण पुलअप्सच्या दांड्याला माझाही हात पोचेना. बाकावर पोरांचे टोळके बसलेले. आणि बाग उघडी कधी? सकाळी नि संध्याकाळी, म्हणजे या बायका दुसऱ्यांची भांडी घासत असतात नेमकी तेव्हा. दुपारी त्या मोकळ्या, तर फाटकाला कुलूप! स्वच्छतागृहाचे विचारूच नका.

"घरकामात व्यायाम होतोच की," असे सुशिक्षितही म्हणतात. घरकामाने पाठ वाकते, ती सरळ करायला वेगळा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत रोजच्या हालचालीशिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. आमच्या भागात पाण्याची पाळी आली की त्यातला एक दिवस गेलाच. नळ येणार त्या दिवशी बाई घर सोडत नाही. पुरुष मात्र त्याही दिवशी बागेत असतात.

बागेची वेळ बदला, एक दांडा खाली घ्या आणि वर पत्रा टाका, असा अर्ज आम्ही लिहिला. (मे महिन्यातल्या दुपारी इथले लोखंड हाताला चटका देते, हे विसरून चालणार नाही.) काही जणींना त्यात बायकांसाठी राखीव तासही हवा होता. मी विरोध केला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात बाईला विनाकारणसुद्धा बाहेर असण्याचा हक्क मागितला आहे. तासाभराची जागा घेतली की उरलेला दिवस आपण पुरुषांना लिहून देतो, असे मी म्हणाले.

गुडघे दुखणारी ती बाई हसली. "खरंय ताई. पण आधी हात तर बसू द्या."

राखीव तास अर्जात घातला आहे, सहा महिन्यांपुरता.