परतीचे दोर कोणी कापले?

मराठी वाङ्मयाला दोराचे वावडे आहे. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आम्ही मराठीचे अध्यापक वर्षानुवर्षे केवळ कौतुकाच्या सुरात शिकवत आलो. १६७०च्या कोंढाण्याच्या लढाईची जी कथा घरोघरी सांगितली जाते, तीत सूर्याजी दोर कापल्याचे सांगतो आणि पळू पाहणारे मावळे उलटून लढतात. ते मावळे गडावर चढले होते दोरानेच, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दोराविना कडा चढण्याचे समर्थन करता येते काय, ह्या प्रश्नावरची साहित्यिकांतली चर्चा ह्याच कौतुकाने नासली आहे. ॲलेक्स होनोल्ड ह्या अमेरिकन गिर्यारोहकाने ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरांचा कडा दोराविना, चार तासांच्या आत सर केला. त्यावरील ‘फ्री सोलो’ ह्या माहितीपटाला २०१९ साली ऑस्कर मिळाले आणि आपल्याकडील विद्वानांना ‘अस्तित्ववादी निवड’ वगैरे शब्द सुचू लागले. तीच मंडळी अस्तंभ्याच्या यात्रेकरूंना अडाणी म्हणून मोकळी होतात.

होनोल्डच्या कृतीचे समर्थन करता येते, असे आमचे मत आहे. पण त्याचे कारण ‘मृत्यूशी संवाद’ हे नव्हे. तोच मार्ग त्याने आधी दोर बांधून पुनःपुन्हा घोटला होता. दोर हाताशी होता आणि तो त्याने जाणतेपणी नाकारला. (त्याचे चित्रण करणारे मात्र दोरांवरच लटकलेले होते. असो.) नाकारायला दोर असावा लागतो, एवढी साधी अट ह्या चर्चेत कोणी घालत नाही.

हिरकणीपाशी तो दोर होता काय? रायगडाचे दरवाजे मिटलेले, तान्हे मूल खाली घरी. ती कडा उतरली, कारण दुसरी वाट नव्हती. कथेप्रमाणे महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधविला. म्हणजे राज्यकर्त्याने त्या धाडसात व्यवस्थेतले एक छिद्र पाहिले आणि ते बुजविले. पण बुजविले ते शत्रूसाठी. गवळणींसाठी दरवाजा थोडा उशिरा मिटावा, असे त्या कथेत कोणीच म्हणत नाही आणि त्या कथेवर निबंध लिहून घेणाऱ्या आम्हां अध्यापकांनाही ते सुचत नाही. वात्सल्य म्हटले की आमचे काम संपते.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहू. सातपुड्यातील अस्तंभा १३०० मीटरांहून उंच आहे. डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा तेथे भटकतो, अशी श्रद्धा. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो माणसे, बहुतांशी तरुण, तो उभा चढ दोराविना चढतात. ती त्यांची निवड आहे आणि तिला होनोल्डच्या निवडीहून कमी लेखण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांच्यापाशी सराव नसेल. पण पिढ्यांची पायवाट आहे, पुढे चालणारा जाणता माणूस आहे.

मात्र १८ ऑक्टोबर २०२५ रोजी ह्या यात्रेतील भाविक मृत्युमुखी पडले ते शिखरावर नव्हे. परतताना चांदसैली घाटात त्यांची मालवाहू गाडी दरीत कोसळली. यात्रेकरूंनी माणसांसाठीची गाडी नाकारून मालवाहू गाडी पसंत केली होती, असे कोणाला वाटते काय? तरीही दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली ती श्रद्धेच्या अतिरेकाची. घाटातल्या रस्त्याविषयी आणि प्रवासाच्या सोयीविषयी बोलण्यात वाङ्मयीन असे काही नसते, म्हणून आम्ही साहित्यवाले त्या वाटेला जात नाही.

ह्याच घाटात सप्टेंबर २०२१मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. एक आदिवासी नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे पायी निघाला. ती वाटेतच गेली. वर्तमानपत्रांत त्याच्या पत्नीप्रेमाविषयी छापून आले. हिरकणीचे वात्सल्य आम्ही ज्या शब्दांत शिकवतो, जवळजवळ त्याच शब्दांत.