उन्हाचा कर

अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २८ वर्षे त्याने माल वाहिला. चेहऱ्याची डावी, खिडकीकडची बाजू जाड व खोल सुरकुत्यांनी भरलेली. उजवी मात्र कितीतरी तरुण. माणूस एकच, वयही एकच. फरक होता तो केवळ उन्हाचा, आणि ते ऊन त्याच्या वाट्याला आले ते कामामुळे.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘अ’ किरण काचेतूनही आत येतात, त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात आणि तिला घट्टपणा देणारे कोलॅजेनचे तंतू तोडतात. ‘ब’ किरण वरची कातडी भाजतात. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही संरक्षण देते; पण संपूर्ण नव्हे.

बाजाराने या शास्त्रातून सौंदर्याचा प्रश्न तेवढा उचलला व मलमाची नळी पुढे केली. मलम निरुपयोगी नाही. परंतु ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, घामाने वाहून जाते. उसाच्या फडात किंवा डांबरी रस्त्याच्या कामावर राबणाऱ्याला तो उपदेश करणे ही थट्टाच होय.

कष्टकऱ्यांनी आपला उपाय आधीच शोधला आहे. साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा सदरा चढवून आणि डोके-तोंड फडक्याने बांधून मजूर स्त्रिया कामाला जातात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली सुरू झालेल्या लोकशिक्षण मोहिमेनेही सदरा, मलम आणि टोपी हाच क्रम सांगितला.

तथापि सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे भर दुपारी उन्हातून बाजूला होणे, आणि तेच मजुराच्या हाती नाही. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते; विसावा घेतला की पैसे बुडाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी व विश्रांतीसाठी सावली यांची तरतूद केली गेली होती. परंतु कागदावरची सावली कोणाच्या अंगावर पडत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी: भर दुपारची सुटी, मजुरी न कापता, कामावर सावली व पाणी, टोपी आणि सुती सदरा मालकाच्या खर्चाने. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील प्रत्येक कामावर दुपारी बारा वाजता जाऊन उभे राहावे. अकाली वार्धक्य हे कोणाचे नशीब नव्हे. मजुरीबरोबर वसूल होणारा तो कर आहे, आणि तो रद्द करून घेता येतो.