तार न तोडता प्रवाह शोधू या

शाळेच्या विजेच्या मुख्य फलकापाशी उभा राहून काम करणारा वायरमन तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हातातील क्लॅम्प मीटरला खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असतो. तो जबडा एका तारेभोवती मिटतो आणि वायरमन आकडा वाचून मोकळा होतो. तार तोडावी लागत नाही, तिचे आवरण सोलावे लागत नाही, वर्गांतील पंखेही बंद करावे लागत नाहीत. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र आम्ही शिक्षक काय शिकवतो? प्रवाह मोजायचा असेल तर परिपथ तोडा आणि मध्ये अँमीटर एकसर जोडा. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. हे चूक नाही. परंतु प्रवाह मोजण्याचा हा एकच मार्ग आहे अशी विद्यार्थ्याची समजूत होते, आणि तिचे नुकसान मोठे आहे असे माझे मत आहे.

एखादा बिघडलेला रेडिओ उघडून पाहा. आतल्या सर्किट बोर्डावर तांब्याच्या पातळ पट्ट्यांचे जाळे असते. त्या पट्ट्यांपैकी कोणतीही तोडून मध्ये अँमीटर बसवणे म्हणजे ताप किती आहे हे पाहण्यासाठी रोग्याचा हात कापण्यासारखे आहे. म्हणून विद्यार्थी प्रवाहाचा नाद सोडून देतो आणि मल्टिमीटरची दोन टोके इकडेतिकडे टेकवून नुसते विभवांतर मोजत बसतो. पण काही दोष असे असतात की तेथे व्होल्टमीटर मुका होतो. समजा, एका बोर्डावर दहा चिपा एकाच पट्टीवरून वीज घेत आहेत आणि त्यांपैकी एकीच्या आत शॉर्ट झाला आहे. आता पट्टीवर कोठेही टोक टेकवा, विभव जवळजवळ शून्यच दिसणार. चोर घरात आहे एवढे कळते, तो कोणत्या खोलीत आहे हे कळत नाही. ते सांगू शकतो फक्त प्रवाह, कारण तो नेमका शॉर्टकडेच धावत असतो.

तर मग प्रवाहाचा माग बाहेरून काढता येईल काय? येतो. कारण प्रवाह तारेच्या आत असला तरी त्याची खूण तारेबाहेर असते. १८२० साली कोपनहेगनमध्ये ओरस्टेड याने तारेजवळची चुंबकसूची वळताना पाहिली आणि त्याच वर्षी ते प्रसिद्ध केले. दहावीच्या मुलाला हा प्रयोग पाठ असतो. पण त्याला विचारावे, ‘या सूचीने रेडिओच्या बोर्डावरचा प्रवाह सापडेल का?’ येथे हिशेब करावा लागतो, आणि तो करण्यासारखा आहे. एका लांब सरळ तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल तर १ सेंटिमीटर अंतरावर त्याचे चुंबकीय क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरते. मुंबई-पुण्याकडे पृथ्वीचे क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. तार उत्तर-दक्षिण धरली तर सूची २८ अंशांच्या आसपास वळेल. हे डोळ्यांना सहज दिसते. पण बोर्डावरच्या पट्टीतून २० मिलीअँपिअरच जात असतील तर? तेवढ्याच अंतरावर सूची जेमतेम अर्ध्या अंशाने हलेल. म्हणजे तत्त्व बरोबर, पण हत्यार बोथट.

हत्याराला धार लावण्याचे दोन उपाय आहेत: पट्टीच्या अगदी जवळ जाणे, आणि सूचीपेक्षा संवेदनशील काही वापरणे. १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने पेनासारखा एक शोधक विक्रीस आणला होता. त्याचे टोक पट्टीवर धरून पुढे सरकवले की पट्टीतून जाणाऱ्या प्रवाहाच्या स्पंदांनुसार त्यातील दिवा कमीजास्त उजळे. दिवा उजळत जाईल तिकडे जायचे; जेथे तो एकाएकी मंदावला त्याच्या जरा मागे शॉर्ट असणार. आजचे हातात धरण्याचे काही शोधक याहून पुढे गेले आहेत. त्यांच्या टोकाशी मृदू चुंबकीय पदार्थाचा अतिशय लहान गाभा असतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाहाने एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने संतृप्त करीत राहतात. बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजूंची संतृप्ती सारखी असते. बाहेरून थोडेसेही क्षेत्र आले की हा तोल ढळतो, आणि ढळलेला तोल उपकरण मोजते. त्यामुळे स्थिर, म्हणजे बॅटरीच्या, प्रवाहाचाही पत्ता लागतो.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य सांगावी, कारण पाठ्यपुस्तकातील एक नियम तिच्यामुळे एकदम जिवंत होतो. क्लॅम्प मीटरचा जबडा तारेला पूर्ण वेढा घालतो. पूर्ण वेढ्यावरून क्षेत्राची बेरीज केली की ती फक्त आतल्या प्रवाहावर अवलंबून असते. तार जबड्याच्या मधोमध आहे की कडेला, याने आदर्श मीटरमध्ये फरक पडत नाही. हाच अँपिअरचा नियम. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही तारा जबड्यात घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो, तेही याच नियमाने. परंतु बोर्डाला चिकटलेल्या पट्टीला वेढा कसा घालणार? शोधकाचे टोक तिच्या एकाच बाजूला राहते. वेढा अपुरा राहिला की अंतराचा प्रश्न आलाच. टोक अर्ध्याऐवजी एक मिलिमीटर दूर गेले तर आकडा पुष्कळ घसरतो. पट्टी रुंद असेल तरीही घसरतो, कारण प्रवाह रुंदीभर पसरलेला असतो. एवढेच नव्हे, स्थिर प्रवाह मोजताना मनगट जरा वळले की पृथ्वीचे क्षेत्र निराळ्या कोनातून टोकात शिरते आणि आकडा आपोआप हलतो. म्हणून तेवढ्याच रुंदीच्या पट्टीतून माहीत असलेला प्रवाह सोडून आधी उपकरणाची पारख करावी लागते. महागडा शोधक हातात आला म्हणजे अक्कल गहाण टाकता येते असे नाही.

पृथ्वीचे क्षेत्र आणि तारेतील प्रवाह यांच्या या भांडणाची एक मोठी गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात असत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाचे क्षेत्र या नाजूक नोंदी बिघडवणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस होते. त्यांच्या काळात १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीसाठी लोखंड टाळून अचुंबकीय दगड वापरला गेला. काही काळ दोन्ही ठिकाणी जोडीने नोंदी घेऊन जुन्या-नव्या मापांचा मेळ घातला गेला. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. ती १९६४ मध्ये बंद झाली, पण अलिबागची वेधशाळा तेथेच राहिली. तारेतील प्रवाह तारेतच राहतो असे ज्याला वाटते त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता कोणी म्हणेल, असे शोधक आमच्या शाळेने आणायचे कोठून? आणू नयेत. माझा आग्रह उपकरणासाठी नाही, पद्धतीसाठी आहे, आणि ती पद्धत भंगाराच्या सामानातून शिकवता येते.

जुन्या रिलेचे वेटोळे घ्या. त्याचा हलणारा भाग काढून टाका, मधला गाभा राहू द्या. वेटोळ्याची दोन टोके एखाद्या लहान ध्वनिवर्धकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडा आणि वेटोळे पेन्सिलीच्या टोकाला दोऱ्याने बांधा. हा झाला शोधक. आता ९ व्होल्टच्या बॅटरीवर ५५५ क्रमांकाच्या चिपेचा आंदोलक बनवून त्याची वारंवारता १००० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याचा प्रवाह ४७० ओहमच्या रोधकातून एका लांब तारेत सोडा. सुमारे १५ मिलीअँपिअर मिळतात. परतीची तार निदान एक हात दूर ठेवा, नाहीतर जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना पुसतील. वेटोळे तारेजवळ नेताच ध्वनिवर्धकातून शिट्टी ऐकू येईल. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही ऐकू येईल. तिला घाबरू नये, ती बिनआमंत्रणाची पाहुणी आहे. मात्र हा सारा खेळ बॅटरीवरचाच. घरच्या विजेच्या तारेशी कोणीही असला प्रयोग करू नये.

शिट्टी ऐकली की मुलांना वेटोळे फिरवू द्या. वेटोळ्याचा अक्ष तारेला काटकोनात आडवा धरला तर तारेच्या बरोबर वर आवाज सर्वांत मोठा. अक्ष तारेला समांतर केला की आवाज जवळजवळ नाहीसा. वेटोळे उभे धरले तर आणखी गंमत: तारेच्या बरोबर वर शांतता आणि दोन्ही बाजूंना आवाज. तारेभोवती चुंबकीय रेषांची कडी असतात, हे वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहून जे कळत नाही ते येथे कानाने कळते.

यानंतर खरी परीक्षा. शिक्षकांनी एका पुठ्ठ्यावर तारेचा वाकडातिकडा मार्ग चिकटवावा, मध्येच त्याला दोन फाटे फोडावेत, एका फाट्यात ४७० ओहमचा आणि दुसऱ्यात १००० ओहमचा रोधक घालावा, आणि वर दुसरा पुठ्ठा ठेवून सर्व झाकावे. पुठ्ठा चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. विद्यार्थ्यांनी वरच्या पुठ्ठ्यावर कागद लावून, कान देऊन, प्रवाहाचा नकाशा पेन्सिलीने काढावा: जेथे आवाज मोठा तेथे रेघ जाड, जेथे लहान तेथे बारीक. मग झाकण उघडून पाहावे. नकाशात चुका निघतील. वळणावर रेघ गोलाकार झालेली दिसेल, जवळजवळच्या दोन तारांची एकच जाड रेघ झालेली असेल. वेटोळे जेवढे मोठे तेवढाच बारकावा मिळणार, हे त्या चुकाच सांगतात. आजकाल बोर्डावर शोधक फिरवून संगणकाच्या पडद्यावर लाल-निळ्या रंगांत प्रवाहाची चित्रे काढली जातात. ती सुंदर असतात. पण पडद्यावर दिसते ते टोकाच्या उंचीवरचे क्षेत्र. त्यावरून खालचा प्रवाह हे अनुमान असते. ज्याने पुठ्ठ्यावर स्वतः एकदा चूक केली आहे तो त्या रंगांना भुलणार नाही.

वेटोळ्याला बदलता प्रवाह लागतो; स्थिर प्रवाहाचा माग काढायचा असेल तर आणखी एक स्वस्त युक्ती आहे, आणि ती मी स्वतः वापरली आहे. बोर्डावरचे तांबे साधारणपणे ३५ मायक्रॉन जाडीचे असते. १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे ०.०५ ओहम भरतो. तिच्यातून १०० मिलीअँपिअर गेले तर टोकांमध्ये ५ मिलीव्होल्ट पडतात, आणि साध्या मल्टिमीटरच्या २०० मिलीव्होल्टच्या टप्प्यावर ते वाचता येतात. म्हणजे पट्टी हीच अँमीटर. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरचा बोर्ड दुरुस्तीवाल्याने ‘पूर्ण बदलावा लागेल’ म्हणून परत पाठवला होता. इन्व्हर्टरपासून तो सुटा करून, प्रवाहाला मर्यादा घालता येते अशा पुरवठ्यावरून मी शॉर्ट झालेल्या पट्टीत १०० मिलीअँपिअर सोडले. मल्टिमीटरचे एक टोक पट्टीच्या सुरुवातीस टेकवून दुसरे पुढे पुढे सरकवत गेलो. आकडा वाढत गेला आणि एका जागेपुढे वाढायचा थांबला. प्रवाह तेथेच पट्टी सोडून जात होता. त्या जागी तांदळाच्या दाण्याहून लहान एक कपॅसिटर होता. तो काढून नवा डाखल्यावर बोर्ड चालू झाला. बोर्ड बदलण्याचा खर्च आणि कपॅसिटरची किंमत यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण असे किती बोर्ड आपण कचऱ्यात टाकत असू याचा विचार मनात येतोच.

ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एक कोडे. बोर्डाच्या वरच्या बाजूला वेडीवाकडी पट्टी आहे आणि खालची बाजू तांब्याचा अखंड पत्रा आहे. प्रवाह पट्टीतून जातो, पत्र्यातून परत येतो. परतताना कोणत्या वाटेने येईल? स्थिर प्रवाह पत्र्यात पसरून, शक्य तितक्या सरळ वाटेने परततो. पण वारंवारता वाढून काही लाख हर्ट्झ झाली की तोच प्रवाह सरळ वाट सोडतो आणि वरच्या पट्टीच्या अगदी खालून, तिच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत, लांबच्या वाटेने येतो. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटांमधील क्षेत्रफळ जितके लहान तितका बदलत्या प्रवाहाला विरोध कमी, म्हणून. पत्र्यात मध्येच खाच पाडली तर या प्रवाहाला वळसा पडतो, आणि त्या वळशातून उपकरण शेजारच्या रेडिओला खरखर ऐकवू लागते. परिपथाच्या आकृतीत यातले काहीच दिसत नाही. तेथे पत्र्याच्या जागी जमिनीची एक खूण काढलेली असते, एवढेच.

म्हणून माझी सूचना अशी: दहावीच्या प्रात्यक्षिकांतून अँमीटर काढू नये, पण त्याच्या शेजारी झाकलेला पुठ्ठा आणि वेटोळे ठेवावे, आणि गुण देताना नकाशा बरोबर आला की नाही यापेक्षा तो कोठे व का चुकला हे विद्यार्थ्याने लिहिले आहे का, ते पाहावे. दोन तासिका पुरतील. बहुतेक सामान शाळेच्या अडगळीच्या खोलीत मिळेल. न मिळाले तर गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात विचारावे, जुने रिले तेथे डब्याने पडलेले असतात.