बुडीत खात्यात गेलेली गलबतं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात गडप झालेल्या जहाजांचा विषय निघाला की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं. तो इंग्रजांचा इतिहास. जहाजं त्यांची, वादळं त्यांच्या वाटेवरची आणि मेलेली माणसंही त्यांचीच. मराठी माणसाचा समुद्र १७५६ साली विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराबरोबर जळाला. त्यानंतर आपल्याकडे राहिली ती खाडीतली ये-जा, म्हणजे किनारा धरून चालणारी आणि पावसाळ्यात काठावर विसावणारी लहानसहान तरांडी. त्यांच्या बुडण्याला इतिहास कशाला म्हणायचं? हे उत्तर पनवेलमध्येही ऐकायला मिळतं. ज्या गावाची भरभराटच बंदरामुळे झाली, तिथे ते ऐकताना मला राग येतो. कारण हे उत्तर नुसतं अपुरं नाही, ते चुकीचं आहे.

१७५६ ची गोष्ट लवकर संपवतो. आंग्र्यांचं आरमार जाळण्यात पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली, हा डाग पुसला जाणार नाही. पण त्याच विजयदुर्गावर पेशव्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली पुढे नांदलं आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं. कुलाब्याच्या आंग्र्यांची दौलत तर १८४० पर्यंत खालसा झाली नव्हती. म्हणजे ज्या काळात मराठी समुद्र संपला होता असं सांगतात, त्या काळात तो चांगला जागता होता.

‘जहाजं त्यांची’ हे वाक्य जास्त फसवं आहे, कारण ते कागदोपत्री खरं आहे. मालकी ईस्ट इंडिया कंपनीची होती किंवा इंग्लंडच्या राजाची होती. पण ती बांधत कोण होतं? मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया आणि त्यांचे सुतार. त्यांची ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती सागवानी फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे नकाशे मुंबईकडे निघाले ते ‘जावा’ या युद्धनौकेवरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठलं, नमवलं आणि शेवटी जाळलं. नकाशे गेले, ते पुन्हा पाठवावे लागले. त्याच जावावर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेला टॉमस हिस्लॉप होता. तो कैद होऊन सुटला आणि डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती म्हणून उभा राहिला. अर्ध्या जगापलीकडे बुडालेल्या एका जहाजाचा धागा मुंबईच्या गोदीपर्यंत आणि क्षिप्रेच्या काठापर्यंत असा पोचतो. कंपनीच्या आरमाराच्या, म्हणजे मुंबई मरीनच्या, जहाजांवर दोर ओढणारे खलाशी रत्नागिरीकडचेही होते, हे वेगळंच. हा इतिहास परक्याचा म्हणून बाजूला सारला, तर आपलंच निम्मं पान फाडलं जातं.

आता पनवेल. रेल्वे येईपर्यंत मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे आधी होडीत बसायचं. मुंबईच्या धक्क्यावरून बंदर ओलांडून खाडीत शिरायचं, भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलला उतरायचं आणि तिथून खोपोलीमार्गे घाट चढायचा. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, तरी पनवेलपर्यंतची ही पाण्याची वाट तशीच राहिली. मराया ग्रॅहम ही लेखिका १८०९ च्या अखेरीस याच वाटेने गेली, बिशप हेबर १८२५ मध्ये गेले. लष्कर, टपाल, बाडबिस्तरा सगळं इथून हललं आणि उलट दिशेने भात, मीठ, गवत, जळण मुंबईला गेलं. मुंबई बेट स्वतःचं पोट स्वतः भरत नव्हतं. ते खाड्याखाड्यांमधून येणाऱ्या मचव्यांवर आणि पडावांवर जगत होतं.

इथे प्रतिपक्ष आपलं सगळ्यात भक्कम हत्यार काढतो. नारळी पौर्णिमेआधी कोळी समुद्रात जात नाही, ज्येष्ठात होड्या वर ओढून शाकारतात, मग वादळात सापडायच्या कशा? ही रीत खरी आहे आणि शहाणपणाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातसुद्धा पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी याची तजवीज सांगितलेली आहे. पण या रीतीने धोका कमी होतो, संपत नाही. नोव्हेंबर १८५४ मध्ये मुंबईवर चक्रीवादळ आलं, तेव्हा नारळी पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती आणि हंगाम जोरात होता. त्या एका झोडपण्यात सुमारे हजार माणसं गेली. जून १८३७ चं वादळ आलं ते हंगाम मिटत असतानाच. आणि मुळात ही रीत पाळण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना होतं का? हेबर पनवेलला गेले ते ऐन पावसाळ्यात. साहेबाला पुण्याला जायचं असलं, पलटणीला रसद पोचवायची असली की कोणाला तरी मचवा पाण्यात घालावाच लागे. नाखवा नको म्हणाला असता तर त्याचं कोणी ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

बंदराच्या आत कसला धोका, असंही विचारतात. भरतीच्या शेंड्यावर लादलेला मचवा खाडीतून निघतो आणि ओहोटीबरोबर उलवे, न्हावा मागे टाकून मोठ्या पाण्यात येतो. ओहोटी बाहेर धावत असते आणि नैर्ऋत्येचा वारा बंदराच्या तोंडातून आत येत असतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. अशा वेळी लाट लांब राहत नाही, आखूड आणि उभी होते. काठापर्यंत भरलेल्या होडीत ती वरून पडते. पोटात भाताची पोती असतात. भात भिजलं की फुगतं, पोती फळ्यांना आतून रेटतात, फटींत ठासलेला कापूस आणि राळ सुटते आणि आता पाणी खालूनही येऊ लागतं. उपसायला दोन माणसं. त्यांनी पोती फेकायला सुरुवात केली तरी भिजलेलं पोतं हलत नाही. हे घडायला खोल समुद्र लागत नाही, मुंबईचे दिवे दिसत असताना घडतं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ मुंबईपासून जवळच उलटली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. ती तर आगबोट होती. जून १८४० मध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन मोठी जहाजं एकाच दिवशी कुलाब्यासमोरच्या खडकांवर फुटली. दीपगृह होतं, तरी फुटली.

आणि वादळाला सगळा दोष देऊ नये. रिअर ॲडमिरल ट्रूब्रिज जानेवारी १८०७ मध्ये ‘ब्लेनहाइम’ घेऊन मद्रासहून निघाला, तेव्हा ते जहाज चाळिशी ओलांडलेलं होतं, मलाक्काच्या सामुद्रधुनीत रुतून त्याचा कणा वाकलेला होता आणि पंप थांबवता येत नव्हते. कप्तानाने धोका सांगितला होता. ट्रूब्रिज निघालाच. फेब्रुवारीत मादागास्करच्या बाजूला ते माणसांसह नाहीसं झालं. ट्रूब्रिजचा मुलगा शोधायला गेला, काही सापडलं नाही. एका हट्टापायी शेकडो जीव गेले, याला दैव म्हणायला मी तयार नाही.

पण ब्लेनहाइमबद्दल आपण एवढं बोलू शकतो ते कशामुळे? नोंदवही होती म्हणून. आणि त्या वहीचा उपयोग किती, ते १८०९ ने दाखवलं. नोव्हेंबर १८०८ ते मार्च १८०९ या पाच महिन्यांच्या आत हिंदी महासागरात कंपनीची सात मोठी जहाजं बेपत्ता झाली. त्यातली चार एकाच तांड्यातली, मार्चच्या एकाच वादळात. त्या तांड्यातल्या वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा विल्यम रीडने पुढे ताडून पाहिल्या आणि १८३८ च्या आपल्या पुस्तकात वादळं गरगरतात कशी, त्यांच्यातून निसटावं कसं, हे मांडलं. दहा वर्षांनी कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनने त्यांना ‘सायक्लोन’ हे नाव दिलं. नोंद राहिली म्हणून बुडणाऱ्यांनी मागच्यांना वाट दाखवली. पनवेलच्या मचव्याचं काय? लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’मध्ये त्याला जागा नव्हती, कारण त्याचा विमा लंडनमध्ये उतरलेला नव्हता. नाखवा गेला, खलाशी गेले, भात गेलं, सावकाराने रक्कम बुडीत खात्यात टाकली, विषय मिटला. आज त्या यादीत आपली गलबतं नाहीत, यावरून ती बुडलीच नाहीत असा निष्कर्ष काढणं म्हणजे ज्याने आपल्याला मोजलं नाही त्याचीच मोजणी प्रमाण मानणं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ही यादी आपण नव्याने करावी आणि तिची सुरुवात पनवेलच्या खाडीपासून व्हावी. आज अटल सेतूवरून त्याच पाण्यावरून गाड्या काही मिनिटांत न्हावा-शेव्याला उतरतात आणि कंटेनरची जहाजं तिथेच लागतात. तिथे पैसा आहे, संस्था आहेत. पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे. बंदर रोड आणि कोळीवाडा जागेवर आहेत. पुण्यात पेशवे दप्तर आहे, मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या काळातले महसुलाचे आणि सागरी खात्याचे खंड आहेत. १ जुलै १८२२ रोजी सुरू झालेलं गुजराती ‘मुंबई समाचार’ जहाजांची ये-जा छापत असे. मोडी वाचणारी आणि गुजराती वाचणारी माणसं एका टेबलाशी बसवायची, एवढं तरी आपल्या आवाक्यात आहे.

लोक म्हणतील, नावं हाती लागणार नाहीत. बऱ्याच ठिकाणी लागणार नाहीत, हे कबूल. पण तारीख मिळेल, माल मिळेल, तरांड कसलं होतं ते कळेल, कोणत्या खाडीतून निघालं ते कळेल. रीडपुढेही शेवटी तारखा, वाऱ्याच्या दिशा आणि ठिकाणंच होती. जून १८३७ चं वादळ घ्यावं. त्याच्या मागचे-पुढचे आठ दिवस धरून पनवेल, उरण, बेलापूर, रेवस या बाजूंच्या बंदरांविषयी जो कागद हाती येईल तो वाचावा आणि परत न आलेलं पहिलं गलबत नोंदवावं.