चढाईवाला आणायचा की पकड घडवायची?

मंडळी, आमच्या सोनपेठात सध्या वाद एकच. कबड्डीसाठी जमलेल्या वर्गणीतून बाहेरचा चढाईवाला आणायचा, की आपल्याच पोरांची पकड पक्की करायची?

माझं मत पकडीला! प्रो कबड्डीचंच बघा ना. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर ओतले, आणि २२ पैकी २ सामने जिंकून तळाला गेले. पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांत शादलू घेतला, बचावातला. मार्च २०२४मध्ये करंडक पुण्यात. (चढाईला आपला अस्लम इनामदार होताच म्हणा.)

शिवाय चढाईवाला बाद झाला की बाहेर बसतो. संघाने गुण घेतल्याशिवाय आत येत नाही. मग कोपऱ्यातल्या पोरांनीच पकड करायची ना? त्यांना दोन महिने शिकवणारा आणा. पाहुणा काय, स्पर्धा संपली की रात्रीच्या एसटीने परत!