सर्व्हरचीही दुरुस्ती धरा



गळीत संपले की आपण कारखान्याचे हाड न् हाड सुटे करतो. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, बेअरिंगे बदलतात. सर्वसाधारण सभेत या खर्चावर कोणी हरकत घेत नाही, कारण हंगामात मिल उभी राहिली तर गव्हाणीपाशी गाड्यांची रांग लागते हे पोरासोरांनाही कळते. मात्र ज्या यंत्रात आपल्या उसाची नोंद, काट्यावरचे वजन, सोसायटीची कपात आणि बिलाचा हिशेब साठलेला असतो, तो सर्व्हर कपाटाआड बारमाही चालू. त्याच्या दुरुस्तीचा मुद्दा कोणाच्या ध्यानीमनी नसतो.

आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी तीन गुण सांगितले होते : यंत्र भरवशाचे असावे, गरजेच्या वेळी हजर असावे आणि बिघडले तर चटकन दुरुस्त होणारे असावे. आमच्या मते वाशिमसारख्या ठिकाणी तिसरा गुण पहिला धरावा. बिघाड व्हायचा तो होणारच. एप्रिल-मेचे आपले ऊन, बगॅसची धूळ, चिमणीची काजळी आणि वायरी कुरतडणारे उंदीर हे काही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात. खरा प्रश्न असा, की पार्ट कुठून यायचा? अकोल्याहून माणूस येणार, तो पाहून जाणार, मग पुण्या-मुंबईहून सामान मागवणार. तोवर काट्यावर हाताने पावत्या फाडायच्या, आणि नंतर त्या चढवताना कोणाची गाडी कोणाच्या खात्यावर जाईल याचा नेम नाही.

विक्रेता म्हणतो, "साहेब, ९९ टक्के चालू राहील." ऐकायला बरे वाटते. पण १२० दिवसांच्या हंगामात एक टक्का म्हणजे जवळजवळ २९ तास होतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. सर्व्हर बंद होता म्हणून ही मुदत वाढत नाही.

वारणानगरचा दाखला घ्या. आपला जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच १९९८ साली तिकडे कोल्हापूर-सांगलीतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला गावातच उसाची माहिती मिळू लागली. पण गावोगावचे संगणक सांभाळणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत गावच्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर संदेशाने तीच माहिती देऊन पाहिली. गावातली यंत्रे कमी झाली, पण मधल्या एका संगणकावर सगळा भार आला. तोच बसला तर साऱ्या गावांना एकदमच अंधार!

म्हणून नवा वेगवान सर्व्हर घ्या असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला कुठे रॉकेट सोडायचे आहे? बॉयलरला पाणी देणारे पंप दोन असतात, तसे सर्व्हरला वीजपुरवठ्याचे युनिट दोन असावेत. डिस्क दोन असाव्यात, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटणाऱ्या, आणि यंत्र चालू असतानाच बदलता येणाऱ्या. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कोणी चुकून नोंद पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते, म्हणून रोजची प्रत निराळ्या इमारतीत ठेवलीच पाहिजे. यूपीएसच्या बॅटऱ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून संपलेल्या असतात. टर्बाइन ट्रिप झाल्यावर ते कळून काय उपयोग? एक डिस्क व एक वीजपुरवठ्याचे युनिट कारखान्याच्या स्टोअरमध्येच शिल्लक असू द्या, आणि ते बदलायला आपल्याच दोन मुलांना शिकवा.

संचालक मंडळास विनंती, की यंदा बॉयलर पेटवण्यापूर्वी चार सभासदांसमोर चालू सर्व्हरची एक डिस्क ओढून काढावी, एक वीजवायर उपसावी, आणि काट्यावर पावती निघते का पाहावे. नंतर बाहेर ठेवलेल्या प्रतीवरून मागील हंगामातील कोणत्याही एका गाडीचे वजन काढून दाखवावे. या कामाला अर्धा दिवस पुरतो.