सरवा वेचणाऱ्या तिघी

शेताचें चित्र म्हटलें कीं डुलणारें पीक, बैलजोडी व मावळता सूर्य हीं डोळ्यांपुढें येतात आणि मनास विसावा मिळतो. कांहीं चित्रें मात्र असा सोपा विसावा देत नाहींत. म्हणूनच तीं घरांतील लहानथोरांनीं मिळून पाहावींत असें आम्हांस वाटतें. फ्रेंच चित्रकार झां-फ्रांस्वा मिले याचें १८५७ सालचें सरवा वेचणाऱ्या स्त्रियांचें चित्र अशांपैकींच आहे. हल्लीं तें पॅरिस येथील ओर्से संग्रहालयांत आहे.

कापणी उरकली आहे. दूर क्षितिजापाशीं उंच गंज्या रचलेल्या, गाडी भरत आलेली, मजुरांची गर्दी आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. ही सारी समृद्धि सोनेरी उजेडांत न्हालेली, पण अगदीं लहान काढलेली आहे. पुढें मोकळ्या शेतांत तीन स्त्रिया तेवढ्या मोठ्या दिसतात. दोघी कमरेंत पार वांकून राहिलेल्या ओंब्या वेचीत आहेत. तिसरी अर्धवट वांकली आहे. त्यांचे चेहरे धड दिसतही नाहींत. चित्राचा सगळा भाव त्या वांकलेल्या पाठींत सांठला आहे. अश्रु नाहींत, पसरलेला हात नाहीं. आहे तो केवळ संथ, जड कष्ट. मिले स्वतः नॉर्मंडींतील शेतकऱ्याचा पुत्र असल्यामुळें हे कष्ट त्यानें जवळून पाहिले होते.

प्रदर्शनांत हें चित्र लागलें तेव्हां पॅरिसांतील कित्येक प्रतिष्ठितांस तें रुचलें नाहीं. १८४८ ची क्रांति ते विसरले नव्हते. या मुक्या तिघींचेंही त्यांस भय वाटलें.

सरवा वेचून निर्वाह करणें आपणांस अपरिचित नाहीं. मनुस्मृतींत या उंछशिलवृत्तीस ‘ऋत’ असें थोर नांव आहे. महाभारतांतील नकुलाख्यानांत तर उंछवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणाचें प्रस्थभर सातूच्या पिठाचें दान धर्मराजाच्या अश्वमेधाहून श्रेष्ठ ठरलें आहे. ही कथा आपण मुलांस अभिमानानें सांगतों, व तें योग्यच आहे. परंतु त्या ब्राह्मणानें ती वृत्ति व्रत म्हणून पत्करली होती. या तिघींस ती पोटासाठीं पत्करावी लागली. क्रिया एकच, पण एकाचें तें तप आणि दुसऱ्याची ती भूक. तपाचा गौरव करणाऱ्या घरानें भुकेकडे पाठ फिरवूं नये, एवढाच या चित्राचा आम्हांस उमगलेला अर्थ. मुलांस चित्र दाखवितांना आधीं गंज्या दाखवाव्या, मग या तिघी. आणि दोहोंमध्यें एवढें अंतर कां, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच विचारूं द्यावा.